पांढरे दाणे, तांबडे दाणे

केझीच्या एप्रनला दोन खिसे होते आणि आज दोन्ही मक्याच्या दाण्यांनी फुगले होते. उजव्यात पांढरे, ते बाबांचे. डाव्यात तांबडे, ते मेजर स्ट्राउडचे. कोर्टाच्या खिडकीच्या फळीवर तिने वाळक्या भोपळ्याची दोन अर्धुकं मांडून ठेवली होती. आत कुणी बाबांचं नाव घेतलं की एका अर्धुकात पांढरा दाणा टणकन पडायचा, मेजरचं घेतलं की दुसऱ्यात तांबडा. अजून सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि तिच्या तळहातांना घाम फुटला होता.

खिडकी उंच होती, म्हणून टायटसने तिला एक छोटं पिंप पालथं घालून दिलं होतं. पेकन बेंडमधली सगळी पिंपं टायटसच बनवायचा. पलीकडे एल्मच्या झाडाखाली दोन्ही उमेदवारांनी मतदारांसाठी व्हिस्कीचं एकेक पिंप ठेवलं होतं, तीही दोन्ही त्याच्याच हातची. मत मात्र त्याला नव्हतं. काळ्या माणसाला मत नाही आणि बाईमाणसाला मत नाही, म्हणून ही दोघं खिडकीबाहेर.

"केझीबाई, त्याच्यावर नाचू नका हं. तळ कच्चा आहे."

"मी नाचत नाहीये, टायटसदादा. मी उभी आहे."

"उभं राहणं मी बघितलंय. हे ते नव्हे."

केझीने जीभ दाखवली आणि पुन्हा आत डोकं घातलं.

आत टेबलाच्या मधोमध शेरीफ गॅडिस घाम पुसत बसला होता. त्याच्या उजव्या हाताला बाबा, म्हणजे जज अ‍ॅसाहेल विंटन, आणि डाव्या हाताला लाल मिशांचा मेजर लेम्युएल स्ट्राउड. मतदार पुढे यायचा, शेरीफ विचारायचा, "मत कुणाला?" आणि तो सगळ्यांच्या देखत, मोठ्यांदा नाव घ्यायचा. ज्याचं नाव निघेल त्याने उठायचं, वाकायचं आणि त्या माणसाचे नावानिशी आभार मानायचे. ज्याचं नाव निघणार नाही त्याने चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही, आणि 'का रे बाबा?' असं तर मुळीच विचारायचं नाही. अशी रीत.

बाबांना ही रीत म्हणजे शिक्षाच होती. आभार मानायला उठायला मिळे तेवढाच त्यांना आराम. बसले की त्यांचा उजवा गुडघा शिवणाऱ्या बाईच्या हातासारखा खालीवर, खालीवर. पायाला भिंगरी घेऊनच जन्मलेला माणूस! कनेक्टिकटला सतराव्या वर्षी शाळामास्तर झाले, वर्षभरात कंटाळले. मग कायदा शिकले, मग लढाईवर गेले, परत आले ते ओहायोत. तिथे दोनदा निवडून आले, तोवर इंडियाना बोलवायला लागलं. तिथे सरकारी वकील. मग इलिनॉय, आणि इथे जज. वर्षातून दोनदा घोड्यावर बसून सहा गावांचं फिरतं कोर्ट करायचे आणि घरी आल्यावर चार दिवसांत पुन्हा खोगिराकडे बघायला लागायचे. केझीचा जन्म ओहायोतला, पहिलं पाऊल इंडियानातलं. आईने, म्हणजे ऱ्होडाबाईंनी, प्रत्येक ठिकाणी पोचल्याबरोबर सफरचंदाच्या बिया लावल्या होत्या. आधीच्या दोन्ही ठिकाणी झाडं वाढली आणि फळं दुसऱ्यांनी खाल्ली. इथल्या झाडाला यंदा पहिल्यांदा फळं धरली होती. मोजून नऊ.

आणि आता बाबा राज्याच्या सिनेटला उभे होते! जिंकले तर जजची खुर्ची सोडायची आणि वँडेलियाला जायचं, नव्या राजधानीत, या वेळी घरदार घेऊन. बाबांनी जागासुद्धा बघून ठेवली होती. तिथे छापखाना होता. खिडक्यांना काचा होत्या. नाच शिकवणारा एक फ्रेंच माणूस होता म्हणे. पंधरा वर्षांच्या केझीने पेकन बेंडमध्ये वाचण्यासारखं होतं तेवढं सगळं वाचून संपवलं होतं: बायबल, गेल्या सालचं पंचांग आणि बाबांची कायद्याची दोन पुस्तकं, त्यातलं एक दोनदा. बाबांची भाषणं तीच स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायची, आणि मधेमधे एखादं वाक्य स्वतःचं घुसवायची. बाबा ते वाक्यच सगळ्यांत जोरात म्हणायचे. वँडेलियाला अशी मुलगी उपयोगी पडणार नाही तर कोण पडणार?

"इझ्रा पूल!" शेरीफने पुकारलं. "मत कुणाला?"

इझ्रा पूल म्हणजे ज्याची डुकरं दर उन्हाळ्यात लोकांच्या मक्यात सापडायची आणि ज्याला बाबांनी दर उन्हाळ्यात दंड केला होता. केझीने तांबडा दाणा बोटांत धरून ठेवला.

"विंटन!" इझ्रा ओरडला.

बाबा उठले, वाकले. "आभारी आहे, मिस्टर पूल. खरं सांगतो, अपेक्षा नव्हती."

"का नसावी, जजसाहेब? तुम्ही मला तीनदा दंड केलात. आता चांगले लांब वँडेलियाला जा आणि सिनेटला दंड करा! आमची डुकरं सुखाने जगू देत."

कोर्ट खदाखदा हसलं. बाबाही हसले. केझीने पांढरा दाणा टाकला आणि तीही हसली. मत ते मत.

पण मग नावाडी बार्नी क्लूट आला. हा नदीच्या मधोमध नाव थांबवून जास्तीचं भाडं मागायचा, बाबांनी त्याला आठवडाभर आत बसवलं होतं. "विंटन!" म्हणाला आणि बाहेर जाताना डोळा मारून गेला. मग हद्दीचे दगड हलवणारे ते दोघे भाऊ. "विंटन!" "विंटन!" मग खोटी साक्ष देणारा तो दातपडका म्हातारा. पांढरा भोपळा भरत चालला, पण केझीला आता हसू येईना.

कारण तांबडा भोपळाही भरत होता, आणि तो भरणारे कोण? ज्याची चोरलेली घोडी बाबांनी परत मिळवून दिली तो सुतार. "स्ट्राउड." मान खाली. ज्याचं शेत बाबांच्या निकालाने वाचलं तो लंगडा शिपाई. "स्ट्राउड." तो तर टोपी चुरगाळत पळाल्यासारखा बाहेर गेला. प्रत्येक वेळी मेजर उठायचा, मिशा थोपटत आभार मानायचा, आणि बाबा दगडासारखे बसून राहायचे. फक्त गुडघा. खालीवर, खालीवर.

"सगळं उलटंच चाललंय!" केझी पुटपुटली. "ज्यांना झोडपलं ते बाबांना देतायत आणि ज्यांचं भलं केलं ते मेजरला!"

"हं," टायटस म्हणाला. तो खिडकीखाली भिंतीला टेकून एक लाकडी कडं तासत होता.

"हं काय? कृतघ्न आहेत सगळे!"

तेवढ्यात आत शेरीफने पुकारलं, "होझिया ब्लिस!" आणि केझीचा जीव भांड्यात पडला. होझियामामा! आईचा सख्खा भाऊ, त्यांच्याच घरात राहणारा, त्यांच्याच ताटात जेवणारा. तिने पांढरा दाणा उचललासुद्धा.

"मत कुणाला, होझिया?"

मामाने छताकडे बघितलं. "स्ट्राउड."

कोर्टात कुणीतरी शिट्टी मारली. बाबांचा गुडघा क्षणभर थांबला. केझी पिंपावरून उतरली नाही, पडलीच, आणि धावत जाऊन तिने दारातच मामाला गाठलं.

"मामा! तुम्ही? आईला कळलं तर काय म्हणेल?"

मामाने कान खाजवला. "काय म्हणणार? सकाळी तिने मला मक्याची भाकरी वाढली. मग दुसरी वाढली. मग त्यावर मध ओतला. तुझ्या आईने मला आजवर कधी न मागता मध दिलाय का गं?"

"म्हणजे तिने सांगितलं तुम्हाला?"

"एक अक्षर नाही. फक्त झाडाकडे बघत होती." मामा व्हिस्कीच्या पिंपाकडे निघाला. जाताजाता मेजरचं पिंप टाळून बाबांच्याच पिंपाशी थांबला, तेवढी लाज त्याला होती.

केझी परत आली. दुपार कलली होती, हवा नदीवरच्या ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटत होती. ती पिंपावर चढली, उतरली, पुन्हा चढली. भोपळ्यांतले दाणे मोजले. एकोणसाठ, एकोणसाठ. पुन्हा मोजले, जसं काही मोजल्याने एक जास्त निघणार होता.

"टायटसदादा, तुला मत असतं तर तू कुणाला दिलं असतंस? खरं सांग. बाबांनाच ना?"

टायटसने कडं डोळ्यासमोर धरून गोलाई तपासली. "मेजर स्ट्राउडना."

केझीला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "तूसुद्धा?"

"रागावू नका. फिबीचा खटला ऑक्टोबरात आहे. तुमच्या बाबांच्या कोर्टात."

फिबी म्हणजे टायटसची बायको. टायटस स्वतंत्र माणूस होता, फिबी नव्हती. दोन दिवसांच्या वाटेवर मिठाचं पाणी उकळून मीठ काढायचा कारखाना होता. तिथल्या मालकाकडे एक कागद होता, नव्व्याण्णव वर्षं कामाला बांधल्याचा, आणि त्याच्या खाली फिबीची सही म्हणून एक फुली होती. फुली आपण केलीच नाही, असं फिबीचं म्हणणं. केझीला हे सगळं माहीत होतं; अर्जाची नक्कल तिनेच तर करून दिली होती, शाईचा एकही डाग न पाडता. फक्त ऑक्टोबर आणि वँडेलिया ही दोन्ही तिच्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत ठेवलेली होती.

"मग... नवा जज येईल ना. तो ऐकेल."

"कोण येईल ते मला माहीत नाही. मीठवाल्याला मात्र आत्ताच माहीत आहे म्हणतात."

"पण बाबा सिनेटमध्ये गेले तर कायदाच बदलतील! तसला कागदच चालणार नाही मग कुणाचा!"

"बदलतील की. तसा माणूस आहे तो." टायटस पुन्हा तासायला लागला. "तोवर फिबी किती मीठ उकळेल, तेवढं फक्त हिशोब करून सांगा मला. तुम्ही शिकलेल्या आहात."

केझीने खिडकीत तोंड खुपसलं आणि रागाने आत बघत राहिली. टायटसवर राग, मामावर राग, आणि आईच्या त्या नऊ सफरचंदांवर तर भयंकर राग. सगळ्यांनी मिळून तिचे पाय धरून ठेवले होते.

सूर्य नदीपलीकडच्या झाडांना टेकायला आला तेव्हा दोन्ही भोपळ्यांत चौऱ्याहत्तर-चौऱ्याहत्तर दाणे होते. सूर्य बुडला की मतदान बंद. एल्मखालची गर्दी आता कोर्टाच्या दारात दाटली होती.

शेवटचा मतदार आला जोनास बर्डवेल. मेजर स्ट्राउडच्या चुलतभावाने बळकावलेली त्याची गिरणी बाबांनी गेल्या वसंतात त्याला परत देववली होती.

"मत कुणाला, जोनास?"

जोनासच्या डोळ्यांत पाणी होतं. "स्ट्राउड," तो म्हणाला, आणि रीत मोडून सरळ बाबांकडे वळला. "जजसाहेब, मला शिव्या द्या. पण तुम्ही गेलात तर त्या खुर्चीत कोण बसेल हो? गिरणी पुन्हा घेतील माझी. तुम्ही चांगले आहात म्हणून तुम्हाला पाडतोय मी."

"मतदाराने उमेदवाराशी बोलू नये," शेरीफ गुरगुरला, पण आवाज मऊच निघाला.

मेजर उठला आणि आभार मानता मानता त्याचा चेहरा असा झाला की दिलेलं मत गिळावं की थुंकावं ते त्याला कळेना.

तांबडे पंच्याहत्तर. पांढरे चौऱ्याहत्तर.

आता उरली ती दोघांची स्वतःची मतं. आणि इथे सर्वांत जुनी रीत होती, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली: उमेदवाराने स्वतःचं नाव घ्यायचं नाही. समोरच्याचं घ्यायचं. सभ्य माणूस स्वतःला मत देतो का कधी?

शेरीफने आधी मेजरला विचारलं. मेजर स्ट्राउडने मिशा चावल्या, छताकडे बघितलं, दाराकडे बघितलं. दारात त्याची बायको हाताची घडी घालून उभी होती. "अ‍ॅसाहेल विंटन," तो म्हणाला, दाढ उपटून घेतल्यासारखा.

पंच्याहत्तर, पंच्याहत्तर!

बाबा उठले, वाकून मेजरचे आभार मानले, आणि मग खाली बसलेच नाहीत. बसायचं नव्हतंच. आता त्यांची पाळी.

"जजसाहेब," शेरीफ म्हणाला, "मत कुणाला?"

"स्वतःचं नाव घ्या!" मागून इझ्रा पूल ओरडला. "रीत गेली खड्ड्यात!"

"कायद्यात कुठे लिहिलंय दुसऱ्यालाच द्या म्हणून?" बार्नी नावाडी. "घ्या नाव आणि सुटा!"

"कायद्यात नाहीये," शेरीफने कबूल केलं. "ज्याला हवं त्याला देता येतं."

बाबा तीन पावलं भिंतीपर्यंत गेले, तीन पावलं परत आले. पुन्हा गेले. केझीने त्यांना असंच घरात फिरताना हजारदा पाहिलं होतं, कनेक्टिकट सोडलेला, ओहायो सोडलेला, इंडियाना सोडलेला माणूस, चार भिंतींत न मावणारा. मग ते थांबले आणि त्यांनी खिडकीकडे बघितलं. केझीकडे.

एक शब्द. तिने एक शब्द म्हणायचा होता. म्हणायचाही नव्हता, नुसते ओठ हलवायचे होते: विंटन. बाबांना तेवढं पुरलं असतं, हे तिला ठाऊक होतं. छापखाना, काचेच्या खिडक्या, माणसांनी भरलेले रस्ते, सगळं तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. तिने तोंड उघडलं.

आणि बाजूला बघितलं. टायटस उठून उभा राहिला होता, पण आत बघत नव्हता. तो आपल्या हातांकडे बघत होता.

केझीने तोंड मिटलं. विंटन नाही, स्ट्राउड नाही, काहीच नाही. दिवसभरात पहिल्यांदा तिचे पाय पिंपावर गप्प झाले.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग टेबलाकडे वळले.

"लेम्युएल स्ट्राउड," ते म्हणाले.

बाहेर आरडाओरडा झाला, टोप्या उडाल्या. काहींनी चक्क शिव्या हासडल्या, आणि त्या सगळ्या बाबांना मत देणाऱ्यांनी. जोनास बर्डवेल भिंतीला कपाळ टेकून रडत होता. केझीने खिशातून शेवटचा तांबडा दाणा काढला आणि भोपळ्यात टाकला. नाव निघालं की दाणा टाकायचा, ठरलंच होतं ना!

ती उतरली तेव्हा टायटसने हात दिला. मग पिंप उचलून त्याने तळावर टकटक केलं. "टिकला तळ," तो म्हणाला. "शेवटी एकदा उभ्या राहिलात खऱ्या."

घरी जाताना बाबा घोड्यावर बसले नाहीत. घोडं मागून, ते पुढून, आणि केझीला त्यांच्या बरोबरीने चालायला धावावं लागत होतं.

"पांढरे किती होते?" बाबांनी विचारलं.

"पंच्याहत्तर."

"त्यांतले मी दंड केलेले किती?"

"ते मी नाही मोजले."

"मी मोजले. बेचाळीस." आणि बाबा एकाएकी इतके मोठ्यांदा हसले की घोड्याने कान टवकारले. "बेचाळीस, केझी! एवढं प्रेम माझ्यावर आयुष्यात कुणी केलं नव्हतं."

केझीला हसायला आलं नाही. तिला रडायला येत होतं आणि ते तिला अजिबात चालणार नव्हतं. "तुम्ही रीत होती म्हणून तसं केलंत का बाबा?"

बाबांनी घोड्याचा लगाम दुसऱ्या हातात घेतला. "रीत होती," ते म्हणाले. मग चार पावलांनी, "रीत होती म्हणून बरं झालं."

"मला जायचं होतं."

"मलाही," बाबा म्हणाले.

आई झाडाखालीच होती. मामा आधीच पोचून, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून लाकडं फोडत होता. आईने कुणाला काही विचारलं नाही. बाबांची चाल बघूनच तिला कळलं असणार.

"एका मताने," बाबा म्हणाले.

"हं." तिने एप्रनमधून एक हिरवं, मुठीएवढं सफरचंद काढलं. "वाऱ्याने पडलं हे. आठ राहिली." तिने सुरीने त्याच्या तीन फोडी केल्या आणि दोघांच्या हातांत एकेक दिली.

केझीने चावा घेतला आणि तिचा एक डोळा आपोआप मिटला. "आई गं! किती आंबट!"

"कच्चंच आहे. ऑक्टोबरात पिकतील."

"ऑक्टोबरात इथलंच कोर्ट आहे माझं," बाबा म्हणाले. त्यांनी आपली फोड तोंड वाकडं न करता संपवली, देठाच्या टोकापर्यंत. "म्हणजे मी घरी असेन."

आईने त्यांच्याकडे असं बघितलं जसं हे वाक्य आधी कुठेतरी ऐकलंय, इंडियानात बहुतेक.

केझीच्या फोडीत दोन बिया होत्या. अजून काळ्या झाल्या नव्हत्या, पांढऱ्याच होत्या, मऊ. तिने त्या उजव्या खिशात टाकल्या, उरलेल्या पांढऱ्या दाण्यांत. मग ती लाकडी ओंडक्यावर बसली. ऑक्टोबरात फिबीचा खटला. साक्षी लिहून घ्यायला कुणीतरी लागेल, स्वच्छ अक्षराचं. आणि वसंतात बाबा पुन्हा सहा गावांना निघतील, तेव्हा घोडी दोन का असू नयेत? तिचा पाय हलायला लागला. शेजारी बसलेल्या बाबांचा गुडघा केव्हाच सुरू झाला होता.

आईने दोघांच्या पायांकडे बघितलं, आणि तिसरी फोड स्वतःच्या तोंडात टाकली.